दहावीचा वर्ग सांभाळताय? या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडते. प्रार्थना होते, हजेरी होते आणि मग दहावीच्या वर्गशिक्षकाचं ते ठरलेलं भाषण होतं. 'हे वर्ष आयुष्याचं वळण आहे. आता खेळ बंद, मोबाईल बंद. ज्याला झेपणार नाही त्याने आत्ताच विचार करावा.' मी हे भाषण सहा वर्षं मनापासून दिलं. सातव्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा आठवडाभरात यायचा थांबला. घरी गेले, तर तो गवंड्याच्या हाताखाली कामाला लागला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, आत्ताच विचार करा. मी केला."

त्याला परत वर्गात आणायला दोन महिने गेले. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. मुलाला उभारी आपल्या बोलण्याने येत नाही. 'हे मला जमतंय' असं त्याला स्वतःच्या वहीत दिसलं की ती येते. वर्गशिक्षकाने वर्षभर करायचं काम एवढंच, की प्रत्येक मुलाला हे लवकरात लवकर आणि पुन्हा पुन्हा दिसेल अशी व्यवस्था करायची. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्या बहुतेक सगळ्या मी केल्या आहेत.

चूक: जूनमध्येच भीती घालणं

भीतीने मूल पळतं हे खरं, पण ते गणपतीपर्यंतच. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. जूनमध्ये घातलेला धाक आठ महिने टिकत नाही. नंतर तो वाढवत न्यावा लागतो, आणि एका टप्प्यावर मुलं ऐकणंच सोडून देतात. हुशार मुलांची झोप उडते, आणि ज्यांना खरंच कठीण जातंय ती मुलं मनातल्या मनात हार मानतात.

पहिल्या दोन आठवड्यांत मी आता परीक्षेचं नाव फारसं काढत नाही. कोणाचं काय कच्चं राहिलंय ते पाहते. अपूर्णांकांची बेरीज, ऋण चिन्हं, समीकरणात पद पलीकडे नेताना चिन्ह बदलणं. वर्गसमीकरणं अडतात ती बहुतेक वेळा इथेच, सातवी-आठवीत. ते दुरुस्त करायला रोजची 15 मिनिटं लागतात, आणि जुलैत ती परवडतात. जानेवारीत परवडत नाहीत.

चूक: सगळ्या वर्गाला एकच गोष्ट सांगणं

'95 टक्क्यांचं ध्येय ठेवा' हे वाक्य 48 मुलांच्या वर्गात फार तर आठ जणांसाठी असतं. बाकीच्या 40 जणांना ते ऐकून कळतं की मॅडम आपल्याशी बोलत नाहीयेत.

उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. रोज दोन मुलांशी प्रत्येकी पाच मिनिटं बोलायचं. मधली सुट्टी असो, शाळा सुटतानाची वेळ असो, व्हरांडा चालतो. 48 मुलं असली तर कामाच्या 24 दिवसांत फेरी पूर्ण होते. 'अभ्यास कसा चाललाय?' असं विचारू नका, 'चांगला' यापलीकडे उत्तर येत नाही. मी विचारते ते असं: घरी अभ्यासाला कुठे बसतेस? दिवा कधी बंद होतो? सकाळी कोण उठवतं? कुठल्या विषयाचं पुस्तक उघडायला नको वाटतं? एका मुलीने सांगितलं होतं, घरात टीव्ही रात्री 11 पर्यंत चालतो आणि खोली एकच आहे. तिला प्रेरणेची कमतरता नव्हतीच. तिला जागा नव्हती. शाळा सुटल्यावर तासभर वर्ग उघडा ठेवायची परवानगी मुख्याध्यापकांकडून मिळवली, आणि दिवाळीपर्यंत तिच्यासारख्या 11 मुली तिथे बसू लागल्या.

या बोलण्यातलं एक-एक वाक्य मी शंभर पानी वहीत लिहून ठेवते. पुढच्या फेरीत 'तुझा भाऊ आता सकाळची शिफ्ट करतो का?' असं विचारलं की मूल चमकून बघतं. आपलं कोणी लक्षात ठेवलंय, हे त्याला महिनाभर पुरतं.

चूक: गुण वर्गात मोठ्याने वाचणं

ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक. म्हणून इथे जरा थांबते.

घटक चाचणीचे पेपर वाटताना आपण सहज म्हणतो, 'पहिली आलेली अमकी, आणि नापास झालेले उभे राहा.' उभं राहिलेलं मूल त्या क्षणी पेपर वाचत नाही, घडी घालून दप्तरात टाकतं. म्हणजे ज्या कागदात त्याच्या सुधारणेचं सगळं आहे, तोच कागद आपण त्याच्याकडून बंद करून घेतो. पहिली आलेली मुलगीही पेपर बघत नाही. तिचं काम झालेलं असतं.

आता मी पेपर उपडे वाटते आणि पूर्ण एक तास फक्त त्यांवर देते. प्रत्येकाने गेलेल्या गुणांचे तीन भाग करायचे. 'येत नव्हतं.' 'येत होतं, पण चुकलं.' 'वेळ पुरला नाही.' प्रत्येक गेलेला गुण यांपैकी एका रकान्यात टाकायचाच. पहिल्यांदा हे केलं तेव्हा भूमितीत 40 पैकी 31 मिळवणाऱ्या एका मुलीला दिसलं की गेलेल्या 9 पैकी 5 गुण 'येत होतं' मध्ये आहेत. प्रमेयाच्या सिद्धतेत पायऱ्या बरोबर होत्या, पण समोर कारणं लिहिलेली नव्हती. महत्त्वमापनाच्या उदाहरणात उत्तर बरोबर होतं, एकक नव्हतं. तिला नवीन काही शिकायचंच नव्हतं! आणि 12 मिळालेल्या मुलाला दिसलं की त्याचे 6 गुण वेळेत गेले, कारण तो पहिल्याच प्रश्नात 25 मिनिटं अडकला होता. 'मला काहीच येत नाही' असं म्हणणारा मुलगा 'मला वेळ पुरत नाही' असं म्हणू लागला. त्यानंतरचा त्याचा अभ्यास वेगळाच होता.

हा तक्ता वहीच्या मागच्या पानावर राहतो. पुढच्या चाचणीत तुलना शेजाऱ्याशी नाही, याच पानाशी.

चूक: '35 वाली मुलं' सोडून देणं, किंवा त्यांच्याकडून सगळं करून घेणं

दोन्ही टोकं चूक. काही शिक्षक म्हणतात, 'त्यांचं काही होणार नाही.' काही जण त्याच मुलांना संपूर्ण पोर्शन पहिल्या पानापासून सुरू करायला लावतात. मूल पहिल्या प्रकरणातच अडकतं, आणि बाकीची पुस्तकं कोरी राहतात.

गणितात मला जमलेला मार्ग सांगते. बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे हे प्रकरण पहिलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करायला हवी असं नाही. घाबरलेल्या मुलाला आधी संभाव्यता द्या. नाणं, फासे, पत्ते हातात घेऊन नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, लिहिता येतो, आणि दोन दिवसांत पहिलं उत्तर बरोबर येतं. भूमितीत भौमितिक रचना आधी घ्या. कंपास आणि पट्टीने वर्तुळाला स्पर्शिका काढली की मुलाला आपलं उत्तर बरोबर आहे हे डोळ्यांनी दिसतं, आपल्याला सांगावं लागत नाही. मग अंकगणिती श्रेढी, मग सांख्यिकी. समरूपता नंतर. एकदा पाच-सात उदाहरणं लागोपाठ सुटली की तेच मूल स्वतःहून विचारतं, "मॅडम, पुढचं कोणतं?"

चूक: अंतर्गत गुण शेवटच्या आठवड्यात उरकणं

भाषांची तोंडी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, गणिताचा गृहपाठ, हे प्रत्येक विषयाचे 20 गुण 'शाळेच्या हातातले' म्हणून आपण बाजूला ठेवतो. या 20 गुणांचं वजन 2019 च्या निकालात दिसलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते, अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. गुण परत दिल्यावर 2020 मध्ये 95.30 झाला.

पण मला त्यात गुणांपेक्षा दुसरी गोष्ट दिसते. लेखीत मागे पडणारी काही मुलं बोलण्यात किंवा हाताच्या कामात फार चांगली असतात. ऑगस्टपासून दर शुक्रवारी चार-चार मुलांची खरीखुरी तोंडी घ्या. वर्गासमोर कविता म्हणून दाखवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी निबंधाची वहीही आणतो.

चूक: खेळाचे आणि चित्रकलेचे तास काढून घेणं

करू नका. एवढंच पुरे. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला दिला की त्या तासाला गणित होत नाही, फक्त जांभया होतात. शिवाय चित्रकलेच्या शासकीय परीक्षा आणि क्रीडा स्पर्धा यांचे सवलतीचे गुण दहावीला मिळतात. पात्र मुलांचे प्रस्ताव वेळेत गेले आहेत का, ते मात्र वर्गशिक्षकाने स्वतः पाहावं.

दिवाळीनंतर वर्ग ढेपाळतो, तेव्हा

हे प्रत्येक वर्षी होतं आणि प्रत्येक वर्षी आपण मुलांना आळशी म्हणतो. आधी कारण शोधा. मराठवाड्यात आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईवडील कारखान्यावर जातात, दहावीचं मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. धाकट्या भावंडांचा स्वयंपाक त्याच्याकडे येतो. विदर्भात याच दिवसांत कापूस वेचणी असते. अशा मुलाला 'गृहपाठ का नाही?' असं सगळ्यांसमोर विचारलं तर तो उत्तर देत नाही, दुसऱ्या दिवशी गैरहजर राहतो.

मी करते ते असं: टोळी निघण्याआधी आईवडिलांचा चालू असलेला फोन नंबर लिहून घेते, मुलाजवळ मागे कोण राहणार ते विचारते, आणि आठवड्यातून एकदा मुलासमोरच त्यांना फोन लावते. फोनवर तक्रार करायची नाही. 'आज तुमच्या पोराने भूगोलाचा नकाशा पूर्ण भरला' एवढं सांगायचं. उसाच्या फडात उभ्या असलेल्या आईने ते ऐकलं, हे मुलाला कळलेलं असतं.

पालकसभेचंही हेच. आपण पालकांना बोलावतो ते तक्रारीलाच, म्हणून ज्यांनी यायला हवं ते येत नाहीत. पहिली भेट चांगल्या बातमीची असू द्या.

चूक: पूर्वपरीक्षेचा पेपर मुद्दाम कठीण काढणं

'जानेवारीत आपटले की मार्चमध्ये अभ्यास करतील' हा समज शिक्षकखोलीत पक्का बसलेला आहे. माझा अनुभव उलटा आहे. तोंडी आणि प्रात्यक्षिकं फेब्रुवारीत सुरू होतात. 2025 मध्ये लेखी परीक्षाही 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. आपटलेल्या मुलाला उठायला वेळच उरत नाही. पूर्वपरीक्षा मंडळाच्या आराखड्यावर, तेवढ्याच वेळेची आणि शक्यतो सकाळी 11 लाच घ्या. पेपर आठवड्याच्या आत तपासून हातात द्या, आणि वरचे तीन रकाने पुन्हा भरून घ्या. त्यानंतर वाचन कमी, पुस्तक मिटून लिहिणं जास्त. पाच वेळा वाचलेलं उत्तर 'येतंय' असं वाटतं. कोऱ्या कागदावर ते लिहायला लागलं की खरं कळतं.

हे प्रेरणेचं काम नाही

एखादं मूल अचानक बोलेनासं झालं, डबा खात नाही, आवडत्या वस्तू मित्रांना वाटून टाकतंय, 'मी नसलो तरी काय फरक पडतो' असं म्हणतंय, तर त्याला अभ्यासाचं सांगू नका. त्याच दिवशी एकांतात बसा, ऐका, मरणाचे विचार येतात का असं सरळ विचारा. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मूल एकटं राहणार नाही हे पाहा, पालकांना आणि मुख्याध्यापकांना सांगा. टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. हे दोन क्रमांक माझ्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर असतात.

निरोप समारंभ आणि त्यानंतर

शेवटच्या दिवशी नवीन उपदेश नको. हॉल तिकिटावरचं नाव आणि विषय तपासले का? केंद्र दुसऱ्या शाळेत असेल तर तिथे एकदा जाऊन आलात का? एसटी किती वाजता? एवढंच बोला.

आणि निकालाच्या दिवशी आपण सगळे पहिल्या तिघांच्या घरी पेढे खायला जातो. मी दुपारी एकला निकाल लागला की आधी राहिलेल्या मुलांना फोन करते. एक किंवा दोन विषय गेले असतील तर एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने, अकरावीला प्रवेश मिळतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. विषय कितीही गेले असले तरी पुरवणी परीक्षा लगेच येते आणि तिचे अर्ज शाळेतूनच भरायचे असतात. गवंडीकामावरून परत आलेल्या त्या मुलाचं इंग्रजी राहिलं होतं. मी फोन केला तेव्हा त्याने आधी एकच विचारलं, "मॅडम, फॉर्म कधी भरायचाय?"