गेमचे संगीत वाद्यवृंदासाठी मांडताना

मँचेस्टरमध्ये संगीतरचना शिकत असताना मी विद्यार्थ्यांच्या एका वाद्यवृंदासाठी कमोडोर ६४ या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकावरच्या जुन्या व्हिडिओ गेमचे संगीत मांडण्याचे काम हौसेने अंगावर घेतले. सरावाच्या दिवशी जी फजिती झाली, ती आठवली की अजूनही कान तापतात. या वाटेने येणाऱ्यांना इतिहास ठाऊक असेलच. संगीतकार कोइची सुगियामा यांनी १९८७ मध्ये टोकियोत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमचे आपले संगीत मैफिलीत आणले, २००३ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये जपानबाहेरची पहिली मोठी मैफल झाली आणि २०२२ मध्ये बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या संगीत महोत्सवानेही या संगीताला एक संध्याकाळ दिली. तेव्हा हे संगीत सभागृहाच्या योग्यतेचे आहे का, या वादात वेळ दवडू नये. आपले पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकासाठी लिहिलेले स्वर, वाजवण्याजोगे आहेत का, एवढेच तपासावे.

मी फसलो तो एका खोट्या तानेमुळे. कमोडोरच्या सिड या ध्वनी-चिपमध्ये स्वरांचे मार्ग तीनच, आणि एका मार्गावर एका वेळी एकच स्वर. एकावर चाल आणि दुसऱ्यावर बेस बसवला की कॉर्डसाठी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांसाठी, एकच मार्ग उरे. म्हणून त्या काळचे रचनाकार कॉर्डचे तिन्ही स्वर त्याच मार्गावर आळीपाळीने, युरोपातल्या यंत्रांवर सेकंदाला ५० वेळांपर्यंत, इतक्या झपाट्याने फिरवत की कानाला ते एकत्रच वाजल्यासारखे वाटत; मागे उरे ती फक्त थरथर. मी मात्र ध्वनिमुद्रण संथ करून एकेक स्वर टिपला, वेग माणसाला झेपेल इतका उतरवला आणि सगळे दोन क्लॅरिनेटांच्या गळ्यात तान म्हणून बांधले. संगणकाने ते विनातक्रार वाजवून दाखवले, कारण संगणकाला श्वास घ्यावा लागत नाही. प्रत्यक्षात मूळ चाल त्या तानेखाली बुडाली, वादकांना दम घ्यायला जागा उरली नाही आणि तीन तासांच्या एकमेव सरावातली वीस मिनिटे माझ्या आठ मात्रांनी खाल्ली. शेवटी संचालकांनी तो भाग कापून टाकला.

चिप जे स्वर वाजवते ते उतरवू नका. त्या स्वरांमागे रचनाकाराला काय हवे होते ते उतरवा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. थरथर हवीच असेल तर विभागलेल्या व्हायोलिनांचा ट्रेमोलो, म्हणजे एकाच स्वरावर गज झपाट्याने मागेपुढे करणे, आहे. दुसऱ्या मार्गावर तीच चाल उशिराने आणि हळू आवाजात वाजत असेल, तर तो बहुधा प्रतिध्वनीचा आभास असतो, आणि तो सभागृह फुकट देते. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रात बेससाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रँगल मार्गाला तर आवाज लहानमोठा करण्याची सोयच नव्हती; त्यामुळे त्या बेसचे चढउतार तुम्हालाच रचावे लागतात. जर्मन गेम-संगीतकार ख्रिस ह्युल्सबेक यांच्या संगीतावर कोलोनमध्ये २००८ साली झालेल्या ‘सिंफोनिक शेड्स’ या मैफिलीतल्या योन्ने वाल्टोनेन यांच्या मांडण्या मूळ तुकड्यांशेजारी ठेवून ऐका.

जालावरची आयती मिडी फाइल (संगणकाने वाजवायच्या स्वरांची नोंद) उचलणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. त्या फायलींत हीच खोटी तान लपलेली असते. हक्कधारकाची लेखी परवानगी नसताना मैफिलीची तारीख ठरवणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. ट्रान्सपोझिशनचे, म्हणजे काही वाद्यांसाठी स्वर सरकवून लिहिण्याचे, भय मात्र बाळगू नका. गायकाने काळी चार मागितली की पेटीवाला जसा ‘सा’ सरकवतो, तशीच बी-फ्लॅट क्लॅरिनेटची गत असते आणि आपल्याकडच्या मुलांना ते लवकर उमगते.

गुरूंच्या बाबतीत माझे मत थोडे कडवट आहे. महागड्या मास्टरक्लासमध्ये मला मोठ्या लोकांच्या ओळखीचे किस्से मिळाले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुलीने मात्र सरावानंतर कँटीनमध्ये अर्धा तास बसून माझ्या पार्टवर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा केल्या, आणि खूण करायला जागाच नाही अशा ओळींखाली नुसत्या रेघा ओढल्या. पुढच्या सत्रात तिनेच माझी सुधारलेली मांडणी वाजवली. त्या आठ मात्रांत आता दोन हॉर्न आणि व्हायोला नुसते लांब स्वर धरतात; ते लिहायला मला दहा मिनिटे लागली.