आधी निवळू द्या, मग गाळा: वापरलेलं खाद्यतेल डिझेल गाडीत भरताना या चुका टाळा

एक मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या छिद्रांची, गाळणीची पिशवी लावली की तेल शुद्ध, अशी माझीही सुरुवातीला समजूत होती. गाळलेलं तेल काचेसारखं नितळ दिसत होतं. टाकीत भरलं, दोन दिवस गाडी झकास चालली. तिसऱ्या दिवशी हवा गार पडली आणि डिझेलच्या टाकीवरून तेलाच्या वेगळ्या टाकीवर घेताच गाडी चढावर दम सोडायला लागली. फिल्टर उघडला तर आत लोण्यासारखा पांढरट थर. चूक पिशवीची नव्हतीच. तेल मी गरम असतानाच गाळलं होतं.

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण ती शहाणपणाची वाटते. गार तेल पिशवीतून थेंब थेंब उतरतं, गरम तेल भराभर. पण तळणाच्या तेलात जड चरबीचा अंश असतो. तेल तापलं की तो वितळतो आणि कितीही बारीक जाळीतून बिनबोभाट पार होतो. गार झाल्यावर टाकीत, नळीत, नाहीतर गाडीच्या फिल्टरमध्ये पुन्हा गोठतो. म्हणून टाकीत तेल ज्या तापमानाला राहणार, त्या तापमानाला किंवा त्याहून जरा गार असतानाच गाळावं. थंडीत गाडी चालवायची तर उन्हाळ्यात गाळून ठेवलेल्या तेलावर विसंबू नये. ते पुन्हा एकदा थंडीतच गाळावं.

खरं काम पिंपात होतं

फिल्टर ही शेवटची पायरी आहे. त्याआधीचं नव्वद टक्के काम गुरुत्वाकर्षण फुकटात करून देतं. आपण फक्त वेळ द्यायचा. पण इथेच उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधलेलं असतं. तेल आणलं, लगेच गाळलं, लगेच भरलं.

थोडं गणित पाहा. तेलात कण किती वेगाने खाली बसतो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. समजा 100 मायक्रॉनचा कण पिंपाच्या तळाशी जायला एक तास घेतो. तसाच 10 मायक्रॉनचा कण 100 तास घेईल, म्हणजे चार दिवसांहून जास्त. 5 मायक्रॉनच्या कणाला 400 तास, म्हणजे सोळा-सतरा दिवस. आणि 1 मायक्रॉनच्या कणाला 10,000 तास, म्हणजे वर्षाहून अधिक. दोन-तीन आठवडे निवळू दिलं तर बहुतेक कचरा आपोआप साक्यात, म्हणजे तळाच्या गाळात, जातो, आणि फिल्टरला फक्त निवळून न बसणारं बारीक उरतं. न निवळलेलं तेल थेट ओतलं तर तीच पिशवी अर्ध्या तासात चोक होते. मग माणूस चिडून ती पिळतो, आणि अडकलेला मऊ गाळ दाबाखाली जाळीतून पलीकडे जातो.

घाई असेल तर तेल 60 अंशांपर्यंत तापवून निवळू द्या. त्या तापमानाला तेल बरंच पातळ होतं आणि कण कितीतरी वेगाने बसतात. मात्र तापवल्यावर हीटर बंद करा. तळातून सतत उष्णता मिळत राहिली तर तेल आतल्या आत फिरत राहतं आणि बसलेला साका पुन्हा वर येतो. पिंपाला जुनी गोधडी गुंडाळा आणि सावकाश निवू द्या. मग वरून उपसा. तळाला तोटी असेल तर ती फक्त गाळ सोडायला, चांगलं तेल घ्यायला नव्हे. तेल घ्यायची तोटी तळापासून वीतभर वर हवी.

पाणी: न दिसणारा शत्रू

फिल्टर पाणी काढतो, असा एक गोड गैरसमज आहे. साधी पिशवी पाणी अडवत नाही. तेलात पाणी तीन रूपांत असतं: तळाशी वेगळं बसलेलं, सूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगणारं आणि प्रत्यक्ष विरघळलेलं. पहिलं तोटीतून निघतं. दुसऱ्यामुळे तेल धुरकट दिसतं. तिसरं दिसतच नाही, कारण गरम तेलात जास्त पाणी विरघळतं आणि तेल गार झालं की तेच धुकं होऊन बाहेर पडतं. म्हणूनही गरम तेल नितळ दिसल्यावर खूश होऊ नये.

इंधनाचा पंप आणि इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर यांचे भाग एक-दोन मायक्रॉनच्या फटीत घासत चालतात, आणि त्यांना वंगण इंधनाचंच मिळतं. तिथे पाणी गेलं की गंज चढतो. शिवाय तळणातलं मीठ तेलात विरघळत नाही, ते पाण्याबरोबर येतं. पाणी काढलं की मीठही बहुतांशी जातं.

तपासणी सोपी आहे. छोटी कढई साधारण 150 अंशांना तापवा आणि तेलाचे चार-पाच थेंब टाका. तडतडलं तर मोकळं पाणी भरपूर आहे. बारीक बुडबुडे उठले तर थोडं आहे. नुसतं पसरून शांत राहिलं तर चालेल. डोळ्यांवर चष्मा हवाच. ही चाचणी तेल भरण्याच्या दिवशी करा, आणल्याच्या दिवशी केलेली धरू नका. अर्धवट भरलेल्या पिंपात हवेतला दमट ओलावा आत जात राहतो.

तेल दुधासारखं किंवा कॉफीसारखं फेसाळ झालं असेल तर त्यात साबणाचा अंश असण्याची शक्यता मोठी. तळणीची भांडी धुतलेलं पाणी कुणी त्याच डब्यात ओततं. असं तेल महिनाभर ठेवलं तरी फुटत नाही. ते सरळ नाकारा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणखी एक चूक: वेगाने फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप लावून ओलं तेल एका पिंपातून दुसऱ्यात हलवणं. पंपाचं पातं पाण्याचे थेंब इतके बारीक करतं की पुढे ते निवळतच नाहीत. गिअर पंप बरा, आणि पाणी काढण्याआधी पंप न वापरणं त्याहून बरं.

पिशव्यांचा क्रम आणि आकडे

मोठ्याकडून बारीककडे जा: 100, मग 25, मग 5, आणि पाहिजे तर 1. पहिल्या टप्प्याला जुन्या जीन्सचा पायही चालतो. पण जीन्स किती मायक्रॉनची, हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून शेवटचा टप्पा तिच्यावर सोडू नका. पिशवीवर ‘नॉमिनल’ लिहिलेलं असेल तर त्या आकाराचे बरेच कण तिच्यातून जातात, हे गृहीत धरा. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ लिहिलेली पिशवी महाग, पण दिलेल्या शब्दाला जागते. गार तेल हळू गळतं म्हणून दाब वाढवू नका, पिशव्या वाढवा. दोन पिशव्या शेजारी टांगल्या की वेळ निम्मा होतो.

फिल्टरला न पकडता येणारं

खूप वेळा तळलेल्या तेलात मुक्त आम्लं वाढलेली असतात आणि ती पूर्ण विरघळलेली असतात. जाळी कितीही बारीक असो, ती निघत नाहीत. अशा तेलाचा वास उग्र आणि खवट असतो. नक्की आकडा हवा असेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. 1 मिलिलिटर तेल 10 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, त्यात चिमूटभर हळद घाला आणि सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडा. पिवळा रंग लालसर होऊन टिकला की थांबा. सोड्याचं पाणी जितकं जास्त लागलं, तितकं तेल आम्लयुक्त. हातमोजे घालायचे, हे सांगायला नको.

आम्लयुक्त तेल तांबं, पितळ आणि जस्त यांना लागतं. म्हणून तांब्याची नळी आणि जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप दोन्ही टाळा. तांबं तर तेल चिकट होण्याची क्रियाही वाढवतं, आणि नळीच्या आत वार्निशसारखं कीट धरतं. साध्या रबराच्या नळ्या फुगतात, विटॉन या खास कृत्रिम रबराच्या टिकतात.

गाळलं की बायोडिझेल झालं, असंही कुणी समजतं. तसं नाही. बायोडिझेल ही मिथेनॉल वापरून केलेली रासायनिक प्रक्रिया आहे. गाळलेलं तेल हे तेलच राहतं, आणि 40 अंशांनाही ते डिझेलच्या दहापट घट्ट असतं. म्हणूनच दोन टाक्यांची पद्धत लागते: डिझेलवर सुरू करा, तेल 70 अंशांच्या वर गेलं की त्यावर घ्या आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुवून काढा. ही शेवटची पायरी विसरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करताना आठवण होईल. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं, हा दाखला हमखास दिला जातो. खरा आहे. पण आजच्या कॉमन रेल इंजिनात (यात सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन मिळतं) इंधनाचा दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीच्या, पुढे असतो. तिथे हा प्रयोग करू नका. जुनी, इनलाइन पंपाची (प्रत्येक सिलिंडरसाठी एका रांगेत छोटा पंप असलेली) इंजिनं हे जास्त चांगलं सोसतात. शिवाय रस्त्यावर असं इंधन वापरण्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. आपल्याकडचे आधी पाहून घ्या.

गाडी रुसली तर

गाडी पिकअप घेत नसेल तर फिल्टर कापून बघा. आतला चिकटा थोडा बाटलीत घ्या आणि बाटली 60 अंशांच्या गरम पाण्यात ठेवा. वितळून नितळ झाला तर ती चरबी, म्हणजे तेल गरम असताना गाळलेलं. दोन थरांत फुटला तर पाणी मिसळलेलं. तसाच कातडीसारखा राहिला तर तेल जुनं होऊन घट्ट झालं आहे, किंवा कुठेतरी तांबं दडलेलं आहे. नुसते काळे कण दिसले तर निवळायला वेळ दिलाच नाही.

फिल्टर स्वच्छ आहे तरी गाडी धक्के खाते? मग गाडीने एअर घेतली असेल. घट्ट तेल ओढताना पंपाला जास्त ओढ द्यावी लागते, आणि डिझेलवर कधी न गळलेला क्लॅम्प आता हवा आत ओढतो. बाहेर थेंबही दिसत नाही. पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे लगेच कळतात.

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, दर आठवड्याला पाहा. इंजिन ऑइलची पातळी वाढत असेल तर न जळलेलं तेल खाली उतरतं आहे. डिझेल तिथे गेलं तर उष्णतेने बरंचसं उडून जातं. तेल उडत नाही, साठत जातं आणि एक दिवस सगळ्या ऑइलची जेली करून टाकतं. ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतराला बदलणं स्वस्त पडतं.

आग

तळाशी पाणी असलेलं पिंप भरभर तापवू नका. पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळतं तेल उसळून बाहेर येतं. हीटरची कांडी पूर्ण बुडालेली असावी. तेल पातळ व्हावं म्हणून त्यात पेट्रोल मिसळणारे आहेत. असं मिश्रण हीटरजवळ नेणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि तेलकट चिंध्या. त्यांचा ढीग कोपऱ्यात टाकला तर तेलाची हवेशी क्रिया होऊन तो आतून तापत जातो, आणि ठिणगी नसतानाही पेटू शकतो. त्या उघड्यावर एकेरी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. पिशव्या बदलल्यावर त्यांचीही गत तशीच करा.