टाचणी, चिठ्ठी, पेटी : संशोधनाच्या उपयोगी पडेल असा कीटक-नमुना कसा तयार करावा

टाचणीला लावलेल्या किड्याखाली स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव नसेल, तर तो कितीही देखणा असो, संशोधनाच्या कामाचा नाही. उलट एखाद्या भुंगेऱ्याची एक मिशी तुटली असेल, रंग विटला असेल, पण त्याच्या टाचणीवर नीट भरलेली चिठ्ठी असेल, तर शंभर वर्षांनीही कुणीतरी त्याला कपाटातून काढून त्याची मापं घेईल. म्हणून काम करताना कुठे तडजोड करावीच लागली, तर ती रूपात करा, माहितीत करू नका.

पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल हे गोळा करणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. हौशी लोकांनी आणि संग्रहालयांनी साठवलेल्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी मोजली आणि ब्रिटनमध्ये १९४७च्या सुमारापासून ससाण्यांची कवचं अचानक पातळ झाल्याचं १९६७ साली दाखवून दिलं. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धचा तो भक्कम पुरावा ठरला. अंडी गोळा करणाऱ्यांच्या मनात कीटकनाशक नव्हतंच. त्यांनी अंड्यावर तारीख आणि जागा लिहून ठेवली होती, तेवढं पुरलं.

पकडण्याआधी

गोळा करण्याचा लेखी परवाना हाती आल्याशिवाय जाळं उचलू नका, आणि परवान्याची प्रत नमुन्यांच्या नोंदींबरोबर कायमची ठेवा. परवान्याचा पत्ता नसलेला नमुना चांगलं संग्रहालय स्वीकारत नाही, आणि त्यावर लिहिलेला शोधनिबंधही अडकतो.

वहीत प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक कुपीत टाकायच्या कागदावर पेन्सिलीने लिहा. पेन्सिलच. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि संध्याकाळी हातात कोरा निळसर कागद येतो.

मारणं आणि मऊ ठेवणं

जाड काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत तळाला २ ते ३ सेंटीमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता आणि पूर्ण वाळू द्या. मग त्यात इथाइल ॲसिटेट, म्हणजे ज्याच्या वाफेने किडे मरतात तो द्रव, मुरवा आणि वर राहिलेलं ओतून टाका. बरणी काचेचीच हवी. पॉलिस्टायरिनचे पारदर्शक डबे या द्रवाने वितळतात. आत चुरगळलेला टिश्यू पेपर टाकला की किडे एकमेकांवर आपटत नाहीत आणि सुटलेला ओलावा शोषला जातो. बरणीवर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा आणि ती आगीपासून दूर ठेवा. वाफ पेट घेते.

भुंगेरे चिवट असतात. हालचाल थांबली म्हणून लगेच बाहेर काढू नका, काही तास आत राहू द्या. फुलपाखरं आणि पतंग मात्र कधीही भुंगेऱ्यांच्या बरणीत टाकू नयेत. त्यांचे खवले झडतात आणि ते बाकीच्या किड्यांच्या केसांत असे अडकतात की सूक्ष्मदर्शकाखाली काहीच नीट दिसत नाही. रसायन नको असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवणं हा सोपा मार्ग आहे.

डीएनए लागण्याची शक्यता असेल तर त्याचा विचार याच टप्प्यावर करा. इथाइल ॲसिटेटमध्ये फार वेळ पडलेल्या किड्याचा डीएनए खराब होतो. उजव्या बाजूचा मधला किंवा मागचा एक पाय चिमट्याने काढा, ९५ टक्के इथेनॉलच्या कुपीत टाकून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि कुपीवर व किड्यावर एकच क्रमांक घाला. अख्खा किडा ९५ टक्क्यांत ठेवला तर तो ठिसूळ होतो आणि पाय गळतात. अळ्या, कोळी, वाळवी अशा मऊ अंगाच्या जिवांना टाचणी लावतच नाहीत. त्यांना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचं.

वाळून कडक झालेल्या किड्याला टाचणी लावायला गेलात तर पाय आणि मिशा काडकन मोडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ओली वाळू, वर जाळी आणि जाळीवर किडा, असं १ ते ३ दिवस ठेवा. रोज बघत जा, जास्त राहिला तर बुरशी धरते.

टाचणी

कीटकांसाठीची स्टीलची टाचणी साधारण ३८ मिलिमीटर लांब असते. बहुतेक किड्यांना २ किंवा ३ नंबर चालतो. शिवणकामाची टाचणी आखूड पडते आणि गंजते. जुन्या पितळी टाचण्यांचं दुखणं वेगळंच. किड्याच्या अंगातली चरबी आणि पितळेतलं तांबं यांची प्रक्रिया होऊन टाचणीभोवती हिरवट, मेणासारखा थर चढतो. जुन्या पेटीत एखाद्या पतंगाच्या छातीतून असा हिरवा फुगा वर आलेला दिसतो. तो वाढत जातो आणि शेवटी छाती आतून फुटते.

टाचणी कुठून घालायची हे गटागणिक ठरलेलं आहे. भुंगेऱ्याला उजव्या कडक पंखाच्या वरच्या भागातून, अशी की टोक खाली मधल्या आणि मागच्या पायांच्या मधून निघावं. ढेकणाच्या गटातल्या किड्यांना पाठीवरच्या त्रिकोणी तुकड्यातून, मध्यरेषेच्या जरा उजवीकडे. माश्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांना छातीतून, तेही उजवीकडेच. नाकतोड्याला मानेमागच्या ढालीच्या मागल्या भागातून, मध्यरेषेच्या उजवीकडे. फक्त फुलपाखरं, पतंग आणि चतुर यांना छातीच्या बरोबर मधोमध. उजवीकडे सरकण्याचं कारण साधं आहे. जाती ओळखण्याच्या बऱ्याच खुणा मध्यरेषेवर असतात, आणि बाकीच्या दोन्ही अंगांना सारख्या असतात. उजवी बाजू टाचणीने बिघडली तरी मध्यरेषा आणि डावी बाजू शाबूत राहते.

किड्याच्या पाठीवर टाचणीची १० ते १२ मिलिमीटर मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे बोटं किड्याला न लागता टाचणी धरता येते. दरवेळी तीच उंची साधण्यासाठी पायऱ्यांचा लाकडी ठोकळा वापरतात. त्याला साधारण २५, १७ आणि १० मिलिमीटर खोल भोकं असतात. किड्यातून टाचणी घालून ती २५च्या भोकात तळापर्यंत दाबली की पोटाची उंची ठरते. भुंगेरा फार जाड असेल तर टाचणी उलटी करून तिचं डोकं १०च्या भोकात बसवा आणि पाठ ठोकळ्याला टेकेपर्यंत किडा सरकवा. मग बाजूने बघा. नाक वर आणि शेपूट खाली असा तिरका बसलेला किडा सूक्ष्मदर्शकाखाली नीट मोजता येत नाही.

पाय पोटाशी दुमडून घ्या, मिशा मागे वळवा. ऐटीत पसरलेले पाय दिसायला छान, पण पहिल्याच धक्क्याला तुटतात. फुलपाखराच्या पुढच्या पंखाची मागची कडा शरीराशी काटकोनात आणा आणि मागचे पंख वर ओढून मधली फट कमी करा. वर कागदाच्या पट्ट्या लावा, टाचण्या पंखातून नकोत, पट्टीच्या कडेला हव्यात. वाळायला १ ते २ आठवडे लागतात.

५ मिलिमीटरहून लहान किड्याला टाचणीने भोसकलं तर हाती काही उरत नाही. जाड कागदाचा ८ ते १० मिलिमीटर लांबीचा निमुळता त्रिकोण कापा, त्याच्या रुंद बाजूतून टाचणी घाला, टोक किंचित खाली वाकवा आणि त्या टोकावर किड्याच्या छातीची उजवी बाजू चिकटवा. डिंक टोकभरच, आणि पाण्यात सुटणारा. झटपट चिकटणारा सुपरग्लू लावला तर पुढे कुणाला किडा सोडवून पोटाकडून बघायचा असेल तर तो तुटेल.

चिठ्ठी

साधारण १८ गुणिले ८ मिलिमीटरचा हा तुकडा आहे. अक्षर ४ पॉइंटचं चालतं. कागद आम्लविरहित आणि जाडसर घ्या. पातळ चिठ्ठी टाचणीवर ढिली होऊन गरगर फिरते आणि शेजारच्या किड्याचे पाय मोडते. लेझर प्रिंटरचा टोनर कोरड्या नमुन्यावर टिकतो, पण अल्कोहोलमध्ये त्याची अक्षरं सुटून तरंगायला लागतात. द्रवातल्या नमुन्याला पेन्सिल किंवा न विरघळणारी रंगद्रव्याची शाई वापरा. त्याची चिठ्ठी कुपीच्या आत हवी. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी कधी ना कधी गळते.

पहिल्या चिठ्ठीवर मोठ्याकडून लहानाकडे जा : देश, राज्य, जिल्हा, जवळचं गाव, गावापासूनचं अंतर आणि दिशा. मग अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. नुसतं गावाचं नाव लिहू नका, एकाच नावाची दहा गावं निघतात. दशांश अंशांत ४ स्थळं म्हणजे जमिनीवर सुमारे ११ मीटर. फोन इतपतच अचूक असतो, त्यामुळे ७ स्थळं लिहून काही साधत नाही, खोटी अचूकता मात्र चिकटते. त्यापेक्षा चूक किती मीटरची असू शकते ते लिहा, आणि डब्ल्यूजीएस ८४ या मोजणीपद्धतीचं नावही.

तारखेतला महिना रोमन अंकांत लिहायची जुनी रीत आजही सर्वांत चांगली आहे. ६/७ म्हणजे ६ जुलै की ७ जून, हे कुठल्या देशाचा माणूस वाचतोय त्यावर ठरतं. रोमन सात लिहिला की प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या चिठ्ठीवर किडा कुठे आणि कसा मिळाला ते लिहा : प्रकाशसापळा, जाळं, कुठल्या झाडाच्या पानावर, शेणात, दगडाखाली. तिसरी जातीच्या नावाची, आणि तिच्यावर ओळखणाऱ्याचं नाव व वर्ष हवंच. ओळख बदलली तर नवी चिठ्ठी खाली जोडा. जुनी काढू नका, चूक असली तरी नाही. कुणी कधी काय समजलं होतं, हाही त्या नमुन्याच्या पुराव्याचा भाग आहे. लाल चिठ्ठी दिसली तर जास्त जपा. ज्या एकाच नमुन्याला त्या जातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं, त्या होलोटाइपवर ती असते.

खोटी चिठ्ठी किती नुकसान करते याचं उदाहरण रानपिंगळ्याचं. १८८४ नंतर या घुबडाचा खरा नमुना मिळालाच नव्हता. पण रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या पक्षी-संग्रहातल्या एका नमुन्यावर १९१४ची तारीख आणि गुजरातमधल्या मांडवीचं नाव होतं, आणि शोध घेणारे त्याच्यामागे भलत्या ठिकाणी गेले. तो नमुना चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेला आहे हे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ओळखलं. ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये महाराष्ट्रातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला.

प्रत्येक नमुन्याचा क्रमांक एकदाच वापरायचा. नमुना हरवला, जळाला, तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. संगणकावर नोंदताना डार्विन कोअर या, जीवांच्या नोंदींसाठी जगभर ठरलेल्या साच्याचे रकाने धरा, म्हणजे पुढे जीबीआयएफसारख्या जागतिक साठ्यात माहिती जशीच्या तशी जाते. चिठ्ठीवरचा मूळ मजकूर एका रकान्यात अक्षरशः उतरवा आणि त्याचा तुम्ही लावलेला अर्थ वेगळ्या रकान्यात ठेवा.

पेटी आणि कीड

काचेच्या झाकणाची, घट्ट बसणारी पेटी, तळाला पॉलिइथिलीन फोम, आत सुट्या छोट्या खोक्या. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ६५च्या वर गेली की बुरशी येते. उजेडात रंग उडतात, म्हणून पेट्या बंद कपाटात ठेवायच्या.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अँथ्रेनस, संग्रह खाणारा इवलासा ठिपकेदार भुंगेरा. तो स्वतः फुलांवरचे परागकण खातो. नमुने खाते ती त्याची केसाळ अळी. टाचणीच्या पायाशी बारीक तपकिरी भुकटी साचलेली दिसली आणि बाजूला केसाळ कात पडलेली असली, तर किडा आतून पोकळ होतोय असं समजा. अशी भुकटी फुंकून टाकू नका. कुठल्या किड्याखाली आहे ते आधी टिपून घ्या. खिडक्यांच्या कट्ट्यांवर चिकट सापळे लावा, कारण प्रौढ भुंगेरे उजेडाकडे येतात. संग्रहाच्या खोलीत ताजी फुलं आणू नका. प्रत्येक पेटी निदान ३ महिन्यांनी उघडून बघा.

उपाय गारठ्याचा. पेटी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड बंद करा. उणे ३० अंशांना ३ दिवस, किंवा घरगुती फ्रीजरच्या उणे १८-२० ला २ आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. घाई केली तर दव पेटीवर आणि किड्यांवर जमतं, पंख ओले होऊन लोंबतात. डांबरगोळ्यांनी श्वासाला त्रास होतो आणि कीड मरण्यापेक्षा नुसती दूर राहते, म्हणून त्या आता टाळतात. जुन्या पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या कातड्यांत आर्सेनिक, तर जुन्या वनस्पतींच्या कागदांवर पाऱ्याचं विषारी क्षार असू शकतं. त्यांना हातमोजे घालूनच हात लावा.

नमुना दुसऱ्या संशोधकाला पाठवताना जड भुंगेऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेकू म्हणून एकेक टाचणी रोवा, नाहीतर तो प्रवासात टाचणीभोवती फिरतो आणि शेजाऱ्यांना झोडपतो. आतली पेटी बाहेरच्या खोक्यात ठेवा आणि सगळीकडून किमान ५ सेंटीमीटर मऊ भरण घाला. सोबतच्या यादीत क्रमांक, संख्या आणि आधीच तुटलेले अवयव लिहा. परत आलेली पेटी यादीशी ताडून, कपाटात जाण्याआधी, पुन्हा फ्रीजरमध्ये.