एसी लावण्याआधी खोलीच्या फटी बुजवा

मार्च उजाडला की आमच्या नागपुरात एसी सर्व्हिसिंगवाल्यांचे फोन लागेनासे होतात. त्यांची वाट बघताना हे काम उरकून घ्या. एसीचं तापमान 1 अंशाने वाढवलं तर साधारण 6 टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारची ऊर्जा बचतीचं काम बघणारी संस्था बीईई सांगते. पण दाराखालून 44 अंशांची झळ आत येत असेल, तर 26 वर ठेवून खोली थंड होणार कशी?

आधी फटी शोधा. पडदे काढा, खिडक्या लावा, पंखा बंद करा आणि बाथरूमचं दार उघडं ठेवून तिथला एक्झॉस्ट सुरू करा. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी फटींतून आत येते. आता पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने सावकाश फिरवा. धूर जिथे तिरपा होईल तिथे पेन्सिलने खूण करा.

सुरुवात सगळ्यात मोठ्या भोकापासून करा, आणि विदर्भात ते बहुधा कूलरच्या खिडकीचं असतं. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, एसीला सगळं बंद लागतं. दोन्ही एकाच खोलीत असतील तर कूलरच्या तोंडाच्या मापाची प्लायवूडची फळी कापून घ्या, कडेला फोमची पट्टी चिकटवा आणि ती बिजागरीवर बसवा, म्हणजे काढघाल सोपी जाते. मग एसीच्या पाइपांचं भोक बघा. तिथे कागदाचा बोळा असेल तर तो काढून पीयू फोम (डब्यातून फवारायचा, नंतर घट्ट होणारा फेस) भरा. तो फुगतो, म्हणून थोडाच मारा. ड्रेन पाइप दबू देऊ नका.

स्लायडिंग खिडकीला मात्र वेळ द्या. तिच्या शटरच्या खाचेत केसाळ पट्टी असते, तिला दुकानात वूल पाइल म्हणतात. काही वर्षांनी ती चपटी होते, मग शटर लावलं तरी हवा येतच राहते. शटर दोघांनी मिळून वर उचलून काढा आणि जुन्या पट्टीचा तुकडा दुकानात न्या, कारण रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. ट्रॅक जुन्या टूथब्रशने घासा. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची बारीक छिद्रं बुजवू नका, नाहीतर जूनमध्ये पावसाचं पाणी घरात येईल.

दाराखाली रबरी पट्टी लावा.

स्वयंपाकघराची हवा येण्याजाण्याची जागा आणि गॅस गिझर असलेल्या बाथरूमची झडप यांना हातही लावू नका. गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बऱ्याचदा माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही.

चौकट आणि भिंत यांमधल्या भेगा शेवटी घ्या. रंग द्यायचा असेल तर अॅक्रिलिक सीलंट आणा, सिलिकॉनवर रंग धरत नाही. भरल्यावर एक दिवस वाळू द्या आणि मग पुन्हा उदबत्ती फिरवा.