प्रश्नातला एक ‘ना’

विकासात अडचण असलेल्या मुलांना लवकर मदत देणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या थेरपिस्टांसाठी आणि विशेष शिक्षकांसाठी हे लिहीत आहे. विकासाच्या चाचण्या कशा घ्यायच्या, हे आपण शिकून आलेले असता, त्यामुळे त्यात शिरत नाही. मात्र मुलात झालेला बदल मोजताना घरच्यांना कसे विचारावे, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि त्यात एका मुलाचे आठ महिने गेले.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेला तो मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता. ‘स्वतःच्या हाताने जेवणे’ हे उद्दिष्ट आम्ही ठरवले होते. केंद्रात आधाराची खुर्ची, जाड मुठीचा चमचा आणि घट्टसर खिचडी असल्यामुळे तो छान जेवत असे. दर महिन्याला मी त्याच्या आईला विचारत असे, “ताई, घरी हाताने जेवतो ना?” त्या “हो मॅडम” म्हणत आणि मी कागदावर ‘साध्य’ लिहीत असे. एकदा आईला कामावरून सुट्टी मिळाली नाही म्हणून आजी त्याला घेऊन आल्या. “आजी, काल रात्री तो कसा जेवला?” असे मी सहज विचारले. त्या म्हणाल्या, “मीच भरवते की. निम्मं सांडतंय, उपाशी निजला तर?”

आईने खोटे सांगितले नव्हते. रविवारी त्या स्वतः त्याला ताटावर बसवत आणि तेव्हा तो चार घास खात असे, पण उरलेले सहा दिवस त्याचे जेवण आजींकडे होते. चूक माझ्या प्रश्नात होती, कारण त्यातल्या ‘ना’ने उत्तर आधीच ठरवून टाकले होते. दोन एसटी बदलून आलेली आई, पुढची तारीख मिळेल की नाही या धास्तीत असताना, समोरच्या मॅडमना ‘नाही’ कशी म्हणेल? म्हणून ‘जमते का’, ‘करतो ना’ असे प्रश्न कृपा करून विचारू नका. काल नेमके काय झाले, कोणी बसवले, ताटात काय होते, किती घास त्याचे आणि किती भरवलेले, हे विचारा. आणि मुलाला खरोखर सांभाळणाऱ्या माणसाला विचारा.

त्यानंतर मी उद्दिष्टपूर्तीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरू लागले. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ साली मानसिक आरोग्य सेवांसाठी मांडलेली ही पद्धत लहान मुलांच्या थेरपीतही चांगली चालते. शून्यावर अपेक्षित टप्पा, उणे २ वर आजची स्थिती आणि अधिक २ वर अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त, असे आम्ही धरतो. पायऱ्यांचे शब्द मात्र घरच्यांचेच हवेत. आजींनी शून्यासमोर लिहवले, “पहिले पाच घास त्याचे, मग माझे.” हे वाक्य मला कोणत्याही छापील तक्त्यात सापडले नसते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रोज घासांचा आकडा टाकत आणि महिन्याने आम्ही तो एकत्र बसून वाचत असू.

परदेशी प्रश्नावल्यांची शब्दशः भाषांतरे मला अजिबात पटत नाहीत. ज्या घरात काटा-चमचा नाही, तिथे काट्याने खातो का, हे विचारून काय कळणार? संध्याकाळी आठवणीवरून रकाने भरणारे वरिष्ठ तुम्हालाही भेटतील. त्यांच्याकडून हाताची कला जरूर शिका, पण नोंदी करण्याची सवय उचलू नका. अमेरिकेतल्या तीन वर्षांखालील मुलांच्या कार्यक्रमात कुटुंबात झालेला बदलही वेगळा मोजला जातो: आपले हक्क कळतात का, मुलाच्या गरजा सांगता येतात का, त्याला शिकायला मदत करता येते का. आपल्या कागदांवर असा रकाना नसला, तर समासात लिहा.

आकडा खाली गेला तर घाबरू नका. त्या महिन्यात ताप, घरातले लग्न किंवा शेतीची घाई असेल, तर तसे तारखेसह नोंदवा. खरी नोंद केल्याबद्दल कोणी बोलले तरी ती खोडू नका. त्या मुलाच्या कागदावर मी आठही ‘साध्य’ लाल शाईने छेदले आणि आजींसमोर पुन्हा उणे २ पासून सुरुवात केली. शून्यावर पोहोचायला त्याला पाच महिने लागले.