चाइव्ज: पेरणी दसऱ्यानंतर, पावसात मुक्काम वळचणीला

शनिवारच्या बाजारात उळ्ळागड्डी तप्पल, म्हणजे आपली कांद्याची पात, जुडीनं मिळते. चाइव्ज मात्र खायचं तर परड्यात नाहीतर गच्चीवर स्वतःच लावायला हवं. हे कांद्याच्याच कुळातलं. पात दोन-तीन मिलिमीटर जाड, आतून पोकळ, वीतभर किंवा थोडी जास्त उंच. खाली कांदा भरत नाही. गवती चहासारखा ठोंब होतो आणि तो नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो.

बेळगावची हवा त्याला मानवते. उन्हाळ्यात दुपारची सावली दिली की ते तग धरतं. मरतं ते पावसाळ्यात, मुळं कुजून. म्हणून मृगाचा पाऊस पडला की सगळं लावायचं ही सवय इथे उपयोगाची नाही. पेरणी दसरा ते दिवाळीच्या दरम्यान करा.

बी आणि माती

बी काळं, कोनेदार, थेट कांद्याच्या बियांसारखं असतं. ते साधारण वर्षभरातच जुनं होतं आणि मग उगवत नाही. म्हणून पाकिटावरची तारीख आधी बघा, भाव नंतर. रोपं वाढल्यावर पात पेन्सिलीएवढी जाड व्हायला लागली आणि बुडाशी गाठ फुगली, तर पाकिटात कांद्याचंच बी होतं असं समजा. पात म्हणून खायला तेही वाईट नाही.

आठ इंची कुंडीसाठी दोन भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग जाडसर वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. शेणखताला वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. रोपं त्यात कोलमडतात. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत वाळूचं प्रमाण मातीइतकंच करा, नाहीतर पाणी धरून बसते. खानापूर, जांबोटीकडची जांभ्याची माती आंबट असते, तिथे कुंडीमागे चमचाभर लाकडाची राख मिसळा. बुडाच्या भोकांवर खापरीचे तुकडे ठेवायला विसरू नका.

पेरणी ते पहिली कापणी

१. माती आधी भिजवून घ्या. अर्धा सेंटिमीटर खोल खड्ड्यात १५ ते २० बिया एकत्र टाका. एकेक रोप सुटं वाढवण्यात अर्थ नाही, हे झुबक्यानंच शोभतं आणि वाढतं.

२. वर बारीक माती भुरभुरा आणि ओलं गोणपाट झाका. पाणी झारीनं किंवा फवाऱ्यानं द्या. दहा दिवस ते तीन आठवडे थांबावं लागतं. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढा. राहिलं तर रोपं पिवळी, लांबट होऊन आडवी पडतात.

३. रोपं चार बोटं उंच झाली की मातीसकट पूर्ण झुबका उचलून मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात बसवा. वाफ्यात दोन झुबक्यांत वीतभर अंतर ठेवा.

४. पात १५ सेंटिमीटर झाली की पहिली कापणी. धारदार कात्रीनं, बुडापासून दोन बोटं ठेवून कापा. एका वेळी ठोंबाच्या एका बाजूची पात घ्या, आणि शेंडे खुडत बसू नका. खुडलेली पात टोकाला वाळते, ठोंब विस्कटतो. नुसत्या हातानं ओढलीत तर मूळही वर येतं.

पुढे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कापता येते. दर दुसऱ्या कापणीनंतर मूठभर गांडूळखत पुरे. युरिया टाकला तर पात भराभर वाढते खरी, पण लिबलिबीत होते, वास कमी होतो आणि मावा धावत येतो.

जांभळ्या फुलांची वाट फार पाहू नका. फुलायला चांगली कडक थंडी लागते, ती आपल्याकडे जेमतेमच. फुलं आलीच तर पाकळ्या सुट्या करून कोशिंबिरीवर घाला.

बिघडतं कुठे

बोट मातीत पेरभर घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी. एप्रिल-मे महिन्यांत सकाळचं तीन-चार तास ऊन, पुढे सावली. जूनपासून कुंडी वळचणीला, दोन विटांवर ठेवा. विटा नसल्या तर बुडाची भोकं फरशीला चिकटून बंद होतात. या दिवसांत खत बंद, कापणीही कमी. वाफ्यातला ठोंब पावसाआधीच उचलून कुंडीत घ्या.

पातीवर चंदेरी, पांढुरके ओरखडे दिसले तर फुलकिडे. ते पातीच्या बेचक्यात दडतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. भागलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर पात खाऊ नका. नुसते शेंडे पिवळे पडले तर पाणी कमी पडतंय. बूड मऊ होऊन घाण वास आला तर जास्त झालंय. असा ठोंब वाचत नाही, मातीसकट फेका.

दोन-तीन वर्षांनी ठोंब दाट होऊन पात बारीक पडते. ऑक्टोबरात उपटून, पात चार बोटं ठेवून कापा आणि हातानं आठ-दहा रोपांचे भाग करून पुन्हा लावा. शेजारी द्यायलाही हीच वेळ.

स्वयंपाकात

एकच गोष्ट सांभाळा: गॅस बंद केल्यावर घाला. तापलं की वास उडतो. म्हणून झुणक्याला कांद्याची पातच बरी, तिथे चाइव्ज वाया जातं. पिठलं उतरवल्यावर वरून चमचाभर, दह्यात, ताकात, उकडलेल्या बटाट्यावर ते खरं खुलतं. थालीपिठाच्या पिठात मळण्यापेक्षा घरच्या लोण्यात चिमूटभर मीठ आणि बारीक कापलेली पात कालवा आणि तो गोळा गरम थालीपिठावर ठेवा.

वाळवलेली पात गवतासारखी लागते. जास्त निघाली तर धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, कापून फ्रीझरमध्ये ठेवा. वितळू न देता वापरा. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी उंच ठेवा, कांद्याच्या कुळातलं काहीही त्यांना विषारी असतं.