पीडीएफमधून एक्सएमएल काढताय? या चुका टाळा

गेल्या चवथीच्या सुट्टीत फोंड्याला घरी बसून मी गावच्या वाचनालयाचे जुने वार्षिक अंक, राजपत्राच्या काही पीडीएफ आणि पोर्तुगीज काळातली थोडी कागदपत्रं असं सगळं एक्सएमएलमध्ये (टॅग लावलेल्या मजकुराच्या फाइलींत) करायला घेतलं, म्हणजे नाव, गाव, तारीख, ठराव असं काहीही शोधलं की पानासकट सापडावं. आठवडाभराचं काम वाटलेलं, महिना गेला. आणि त्यातला बराचसा वेळ टूलच्या सेटिंग बदलण्यात गेला, जेव्हा खरं तर टूल ठीक चाललं होतं आणि हातातली पीडीएफ कुठल्या प्रकारची आहे तेच मी बघितलं नव्हतं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितेय. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत टाका.

टूल म्हणजे पॉप्लर या पीडीएफ-टूलांच्या संचातलं पीडीएफटूएचटीएमएल, त्याला -एक्सएमएल असा पर्याय द्यायचा. उबुंटूवर पॉप्लर-युटिल्स पॅकेज, मॅकवर ब्रूने (होमब्रू, पॅकेज बसवणारा प्रोग्राम) पॉप्लर. फुकट आहे, नेट लागत नाही, पावसात लाइन गेली तरी लॅपटॉपवर चालतं.

एकच नाव, दोन टूल

हे आधी बघा, कारण इथे अडकलेली माणसं मी बरीच पाहिलीत. पॉप्लर २००५ मध्ये एक्सपीडीएफ ३.० पासून वेगळं झालं, आणि दोघांच्या कमांडची नावं आजही बरीचशी सारखीच आहेत. विंडोजवर लोक एक्सपीडीएफचा संच उतरवतात, त्यातही पीडीएफटूएचटीएमएल असतं पण त्याला -एक्सएमएल कळतच नाही, मग ते नुसती मदतीची यादी छापतं आणि आपण स्पेलिंग तपासत बसतो. -व्ही देऊन व्हर्जन बघा. पॉप्लर डेव्हलपर्स असं दिसलं तर बरोबर, नुसतं ग्लिफ अँड कॉग दिसलं तर दुसरं टूल आहे.

आधी पीडीएफला तीन प्रश्न विचारा

पीडीएफइन्फो, पीडीएफफॉन्ट्स आणि पीडीएफइमेजेस -लिस्ट, या तीन कमांड एका मिनिटात होतात. इन्फोत फाइल एन्क्रिप्टेड आहे का आणि टॅग्ड (आत रचनेच्या खुणा असलेली) आहे का ते कळतं, टॅग्ड हो असेल तर पीडीएफइन्फोलाच -स्ट्रक्ट-टेक्स्ट द्या, काही वेळा शीर्षकं आणि परिच्छेद आयतेच मिळतात. फॉन्ट्समध्ये एकही ओळ आली नाही आणि इमेजेसमध्ये दर पानाला एक मोठं चित्र असेल तर तो स्कॅन आहे, त्यातून अक्षर निघणार नाही, कितीही पर्याय बदला. अर्धी पानं टाइप केलेली आणि मागची जोडपत्रं स्कॅन, अशा फाइलीही भरपूर असतात, म्हणून पहिलं पान बघून अख्ख्या फाइलीचा निर्णय घेऊ नका.

एक छोटी गोष्ट, -आय दिल्याशिवाय चालवलंत तर पानातली चित्रं वेगळ्या फाइली होऊन फोल्डरभर पसरतात. मजकूरच हवा असेल तर -आय लावा.

ओसीआर केलं तरी एक्सएमएल रिकामं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली. स्कॅन होता म्हणून ओसीआरमायपीडीएफ चालवलं (ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं), नवी पीडीएफ उघडली, माऊसने मजकूर सिलेक्ट होतोय, कॉपीही होतोय, पीडीएफटूटेक्स्टने पण छान येतोय, आणि एक्सएमएलमध्ये पानं आहेत पण एकही टेक्स्ट टॅग नाही. दोन दिवस मी भाषेचं पॅकेज काढून घालत राहिले. कारण एवढंच की ओसीआरचा मजकूर चित्राच्या मागे अदृश्य म्हणून ठेवलेला असतो आणि पीडीएफटूएचटीएमएल अदृश्य मजकूर आपणहून सोडून देतं. -हिडन हा पर्याय जोडला की सगळं येतं. पीडीएफफॉन्ट्समध्ये ग्लिफलेसफॉन्ट असं नाव दिसलं तर समजा टेसरॅक्टचा (अक्षरं ओळखणारं ओसीआरचं इंजिन) असा थर आहे आणि -हिडन लागणारच.

ओसीआर करतानाच्या चुका पण इथेच सांगते. टेसरॅक्टबरोबर मराठी आपोआप येत नाही, एमएआर वेगळं बसवावं लागतं, आणि -एलमध्ये एमएआर प्लस ईएनजी असं द्यावं लागतं. पोर्तुगीज कागदांना पीओआर. तिन्ही भाषा सगळ्या फाइलींना एकदम देऊ नका, वेळ वाढतो आणि मराठी ओळीत मधेच लॅटिन अक्षरं घुसतात, फाइली भाषेनुसार वेगळ्या करून चालवा. मिश्र फाइलीला --स्किप-टेक्स्ट द्या, म्हणजे ज्या पानांत मजकूर आहे ती तशीच राहतात. --फोर्स-ओसीआर मात्र प्रत्येक पानाचं आधी चित्र करतं आणि मग वाचतं, त्यामुळे चांगला टाइप केलेला मजकूर असेल तर तो गेलाच. मूळ फाइल नेहमी बाजूला ठेवा.

मराठी मजकुराचं काय होतं

बाहेरच्या मदतलेखांत हे सापडत नाही आणि आपल्याला तर रोज लागतं. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये लावलेले अंक असतील तर पीडीएफमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. एक्सएमएलमध्ये फॉन्ट गळून पडतो आणि खाली निरर्थक अक्षरं राहतात. हे एन्कोडिंगचं भांडण नाही, यूटीएफ-८ यूटीएफ-८ करत -एन्क बदलत बसू नका, त्याने काही होणार नाही. पीडीएफफॉन्ट्समध्ये युनि हा रकाना असतो (फॉन्टला युनिकोडचा तक्ता जोडलाय का ते सांगणारा), तो नो असेल तर धोका आहे, पण येस असला तरी खात्री नाही, शेवटी फॉन्टचं नावच वाचायचं. मग दोन मार्ग, त्या नेमक्या फॉन्टचा कन्व्हर्टर, नाहीतर वर म्हटलेलं --फोर्स-ओसीआर, इथे ते खरंच कामाचं आहे कारण खालचा मजकूर गेला तरी नुकसान नाही. एका अंकात शीर्षकांना एक फॉन्ट आणि मजकुराला दुसरा असतो, म्हणून एक्सएमएलमधला फॉन्टस्पेक (फॉन्टचा आयडी आणि नाव देणारा टॅग) बघून आयडीनुसार कन्व्हर्ट करा, सरसकट नको.

युनिकोड असला तरी सुटका नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढली जाते, आणि बऱ्याच पीडीएफमध्ये ती त्याच क्रमाने साठवलेली असते. म्हणून मी शिरोडा शोधलं तर शून्य, कारण फाइलीत िशरोडा होतं, डिचोलीचं िडचोली. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी आली की लगेच कळतं. पण कविताचं किवता होतं, आणि ते दिसायला अगदी नीट देवनागरी आहे, नुसती अक्षरक्रमाची तपासणी त्याला पकडत नाही. म्हणून दिसतील तेवढेच शब्द दुरुस्त करायची चूक करू नका. शब्दारंभी वेलांटी सापडली म्हणजे त्या फॉन्टचा सगळा मजकूर उलटा आहे असं धरा आणि त्या फॉन्टच्या प्रत्येक वेलांटीला पुढच्या व्यंजनानंतर न्या, जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षरानंतर. ज्या फॉन्टचा क्रम बरोबर आहे त्याला हात लावू नका. रफारालाही हाच त्रास होतो, तोही आकार संपल्यावर काढला जातो.

एक्सएमएल आलं म्हणजे रचना आली असं नाही

पीडीएफला परिच्छेद माहीत नसतो, अमुक अक्षर अमुक जागी ठेव एवढंच माहीत असतं. त्यामुळे एक्सएमएलमध्येही टॉप, लेफ्ट, विड्थ, हाइट आणि फॉन्ट एवढंच येतं, ठराव कुठे संपला ते तुम्हालाच या आकड्यांवरून ठरवायचंय. राजपत्रातल्या दोन कॉलमच्या पानांवर फाइलीतल्या क्रमाने वाचलंत तर डावीकडचं वाक्य उजवीकडच्या अधिसूचनेत शिरू शकतं. आधी लेफ्टवरून कॉलम ठरवा, मग कॉलमच्या आत टॉपने लावा. पानाच्या पूर्ण रुंदीची शीर्षकं आधी बाजूला काढा. कॉलम फारच चिकटलेले असतील तर पीडीएफटूटेक्स्ट -बीबॉक्स-लेआउट वापरून बघा, ते ब्लॉक, ओळ, शब्द असं घरट्यासारखं देतं.

फक्त दोन्हीचे आकडे एकत्र करू नका. बीबॉक्स पॉइंटमध्ये देतं, म्हणजे इंचाला ७२, ए४ पान साधारण ५९५ बाय ८४२. पीडीएफटूएचटीएमएलचा झूम मुळात १.५ असतो, तेच पान तिथे ८९२ बाय १२६३ च्या आसपास येतं. मी एका स्क्रिप्टमध्ये दोन्ही वापरले आणि पानाचा खालचा भाग सगळा तळटीप म्हणून कापला गेला. -झूम १ दिलं की आकडे जुळतात.

शोधनिबंधांसाठी ग्रोबिड हे टूल छान आहे, लेखक, सारांश, संदर्भ असं वेगळं करून देतं. पण ते निबंधांवर शिकवलेलं आहे, राजपत्राला किंवा देवळाच्या स्मरणिकेला लावू नका.

पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) फाइल घेत नाही तेव्हा

प्रत्येक फाइल एक्सएमएललिंट -नोआउट या तपासणीच्या कमांडमधून काढा. पीसीडेटा इनव्हॅलिड कॅर असं आलं तर मजकुरात न दिसणारे कंट्रोल कॅरेक्टर शिरलेत. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालच्या कोडांपैकी फक्त टॅब आणि दोन नवीन ओळीचे कोड चालतात, बाकीचे टीआर कमांडने आधी काढून टाका. जुन्या व्हर्जनात ठळक आणि तिरप्याचे टॅग एकमेकांत अडकून बंद होतात, तिथे व्हर्जन वाढवणं हाच सोपा उपाय.

विंडोजवाल्यांनी एक लक्षात ठेवा, पॉवरशेल ५.१ मध्ये -एसटीडीआउट देऊन बाणाने फाइलीत वळवलंत तर ती यूटीएफ-१६ होते आणि आत लिहिलेलं असतं यूटीएफ-८, काही पार्सर पहिल्याच ओळीला थांबतात. आउटपुटचं नाव कमांडमध्येच द्या.

आणि सगळं झाल्यावर शोध लावायच्या आधी मजकूर एनएफसीमध्ये (युनिकोडने ठरवलेलं एकसारखं रूप) नॉर्मलाइज करा. दुसऱ्या हा शब्द एका फाइलीत ऱ या एकाच कोडने असतो, दुसरीत र आणि खाली नुक्ता असा दोन कोडने, तिसरीत र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा. पहिले दोन एनएफसीने एक होतात, तिसरा होत नाही, त्याला स्वतःचा बदल लिहावा लागतो. पोर्तुगीज नावांतल्या डोक्यावरच्या टिल्डचंही तसंच, पण ते एनएफसीनेच निभावतं. मी दुसऱ्या, बऱ्याच, साऱ्या हे तीन शब्द प्रत्येक नव्या अंकात शोधून बघते, आणि पानावर डोळ्यांनी मोजलेले आणि सापडलेले आकडे जुळले तरच तो अंक पुढे पाठवते.